विमान गेल्यावर

मुहर्रकच्या या गल्लीवरून विमानं इतकी खालून जातात
की दोरीवरचे कपडे मान खाली घालतात,
बोलणारं माणूस थांबतं.
मोझाबाई सांगायच्या, थांबायचंच.
हातवारे नकोत, कसनुसं हसणं नको.
विमान गेलं की वाक्य पहिल्यापासून म्हणा;
अर्ध्यावरून उचललेल्या वाक्याला कुणी मत देत नाही.

दर मंगळवारी, मगरिबनंतर,
लुलवाच्या मजलिसमध्ये आठ बायका:
एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोघी बँकेतल्या,
एक, जिला घरून फक्त दीड तासाची मुभा.
नगरपालिकेची निवडणूक नोव्हेंबरात.
मोझाबाईंच्या हातात शर्यतीचं घड्याळ.
दोन मिनिटं. कचरा, गटार, दिवे.
माझे वडील कोण होते, हे नाही.

मी जैतून, गहवा ओतणारी.
तेरा वर्षं या घरात. भाषा कानानं शिकले,
आधी भांड्यांची नावं, मग माणसांची.

बाणकोटच्या खाडीवर माझं गाव.
जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा
दिरानं माझं नाव भरलं,
जसं रेशनकार्डावर भरतात.
पाच वर्षं मी पंचायतीत होते.
सही माझी, तीही त्याचं बोट असेल तिथे.
खुर्चीत तो, मी चहाच्या ट्रेमागे.
एकदाच, तो तापानं पडला होता तेव्हा,
जेटीच्या पायऱ्यांचा ठराव मी मांडला.
आवाज असा निघाला, जणू शेजारणीकडून मागून आणलेला.
नऊ पायऱ्या झाल्या.
मंजूर दहा होत्या; दहावीचं मला विचारू नका.

हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं.
मग एका मंगळवारी मोझाबाई म्हणाल्या, मतदार हवा,
वाकडा, ऐकून न घेणारा.
बायका एकमेकींना ढकलत हसल्या, कुणाला जमेना.
मी दल्ला खाली ठेवली
आणि मोडक्या अरबीत म्हटलं,
"तू जा, बाई. नवऱ्याला पाठव.
गटाराचं मी त्याच्याशी बोलेन."

आवाज दिराचा होता,
खाकरणंसुद्धा.

लुलवा बांगडी फिरवत राहिली.
घड्याळ चालू.
"तुला पाइपातलं काय कळतं?"
अडतीस सेकंद गेले, मग ती म्हणाली,
"गटार तुंबलं की पाणी कुठे चढतं?
माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात, की तुझ्या बायकोच्या मोरीत?"
मोझाबाई म्हणाल्या, "पुन्हा."
पुन्हा. पुन्हा.
अकरा वेळा मी दीर झाले.
अकराव्या वेळी मलाच त्याचं हसू फुटलं.

निघताना मुख्याध्यापिका म्हणाली, कुठे शिकलीस हे?
खुर्चीच्या मागे, मी म्हटलं.
तिला वाटलं, माझी अरबी चुकली.

नोव्हेंबरात लुलवा पडली, त्रेसष्ट मतांनी.
मला इथे मत नाही.
असतं तर बासष्ट, एवढंच मनात आलं
आणि ते किती वेळ गेलं नाही.
त्या रात्री तिनं स्वतः गहवा केला,
पातळ, वेलदोडा जास्त,
आणि मला समोर बसवलं.
बसायला मला जरा वेळ लागला.

काल गावाहून फोन आला. तस्कीन निवडून आलीय,
त्याच दिराची मुलगी.
चाची, अब्बा म्हणतात मीटिंगला मीच जातो,
तू घरी सही कर.
मी गच्चीत आले. म्हटलं,
तस्कीन, ऐक, खुर्ची तू

विमान.
पाण्याची टाकी थरथरली,
ती तिकडून हॅलो, हॅलो करत राहिली.
मी थांबले. रिकामा हात कठड्यावर.
शेपटीचा लाल दिवा समुद्रावर जाईपर्यंत.

तस्कीन, म्हटलं, ऐक.
पहिल्यापासून सांगते.